आवडता साक्षीदार

प्राचीन अथवा मध्ययुगीन इतिहासासाठी विश्वसनीय साधन कोणते, हा प्रश्न ज्या सुरात विचारला जातो तो सूर आम्हां सरकारी नोकरांच्या चांगल्या परिचयाचा आहे. कचेरीत मान्यताप्राप्त पुरवठादारांची यादी असते, तशी मान्यताप्राप्त ग्रंथांचीही एखादी यादी असावी. तीत नाव असेल ते घ्यावे, नसेल ते परत पाठवावे, म्हणजे पुढे लेखापरीक्षकांचा आक्षेप उरणार नाही, अशी काहीशी अपेक्षा त्या प्रश्नामागे असते. अशा याद्या मिळतातही. परंतु त्या हाती आल्यावर प्रश्न सुटला असे ज्याला वाटते, त्याने तो विचारलाच नव्हता असे म्हणावे लागेल.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाला हा प्रश्न अधिक टोचतो. पुण्यास किंवा साताऱ्यास इतिहास हवेत असतो. तेथे तो कोणी सिद्ध करीत बसत नाही. परप्रांती मात्र शेजारच्या टेबलावरील सहकारी ओडिया, तमिळ किंवा राजस्थानी असतो. दुपारच्या चहाच्या वेळी आपण मोठ्या अभिमानाने काही सांगावे आणि त्याने अगदी सहज, कोणताही आकस न ठेवता विचारावे, "कशावरून?" या एका शब्दाने किती वक्तृत्वाचे चहाबरोबर पाणी होते ते ज्यांनी अनुभवले असेल त्यांना अधिक सांगणे नको. चिडून दिलेले उत्तर हे बहुधा पुरावा नसल्याची कबुली असते. आणि आजकाल तर पुरावा म्हणून भ्रमणध्वनीवर आलेला, कोणी लिहिला हे कोणालाच ठाऊक नसलेला मजकूर पुढे करण्याची रीत पडली आहे. त्याची चिकित्सा करण्याचे कारण नाही. चिकित्सा करावयाची ती चांगल्या साधनांची. कारण फसगत होते ती तेथेच.

माझ्या मते हा प्रश्न ज्ञानाचा जितका आहे तितकाच आचाराचा आहे. एखादे साधन विश्वसनीय आहे की नाही, हे त्याच्याकडे नुसते पाहून ठरत नाही. आपण त्याला कोणता प्रश्न विचारतो, आणि कोणत्या उत्तराची आशा मनात धरून विचारतो, यावर ते पुष्कळसे अवलंबून असते. विरुद्ध पक्षाच्या साक्षीदाराची उलटतपासणी कोणीही करतो. आपल्या आवडत्या साक्षीदाराची ती करावी की नाही, आणि करावी तर किती कठोरपणे, येथे माणसाच्या सचोटीचा प्रश्न येतो.

कारकुनाला या बाबतीत एक अनपेक्षित सोय आहे. फायलीच्या एका बाजूस टिपणी असते, दुसऱ्या बाजूस पत्रव्यवहार. बाहेर जाणाऱ्या पत्रात 'प्रकरणाचा साकल्याने विचार करण्यात आला' एवढेच असते. तो विचार कसा झाला, नाही कोणी म्हटले, कोणाच्या शेऱ्याने पारडे फिरले, हे सारे टिपणीत. आता टिपणी कागदाऐवजी संगणकाच्या पडद्यावर लिहिली जाते, तरी तिचा स्वभाव पालटलेला नाही. प्राचीन इतिहासाचा अभ्यासक हा बहुधा अशा फायलीचा वाचक असतो, जिची टिपणीची बाजू वाळवीने खाऊन टाकली आहे. शिलालेख म्हणजे बाहेर गेलेले पत्र. त्यात राजा सदैव विजयी, प्रजा सदैव सुखी आणि खजिना सदैव भरलेला.

क्वचित मात्र टिपणीचा एखादा तुकडा दगडावर येऊन बसतो. जुनागढच्या ज्या प्रस्तरावर अशोकाच्या आज्ञा कोरलेल्या आहेत, त्याच प्रस्तरावर क्षत्रप रुद्रदामन् याचा संस्कृत लेख आहे. शक ७२, म्हणजे इ. स. १५० च्या सुमारास अतिवृष्टीने सुदर्शन तलावाचा बांध फुटला. हा तलाव चंद्रगुप्त मौर्याच्या अधिकाऱ्याने बांधविला आणि अशोकाच्या कारकिर्दीत त्याला पाट काढले गेले, अशी पूर्वपीठिका लेखात दिली आहे. म्हणजे जवळजवळ साडेचारशे वर्षांचे प्रकरण, मागील संदर्भांसह. पुढे लेख म्हणतो की, भगदाड फार मोठे असल्यामुळे राजाच्या सल्लागार व कार्यकारी मंत्र्यांनीच हे काम हाती घेण्यास नकार दिला. अखेर सुविशाख नावाच्या पह्लव अधिकाऱ्याने ते तडीस नेले आणि त्यासाठी प्रजेवर जादा कर किंवा वेठ लादली नाही. मंत्र्यांच्या नकाराची नोंद मला फार मोलाची वाटते. राजाच्या स्तुतीसाठी ती आवश्यक नव्हती असे नाही. इतरांनी हात टेकले तेथे महाराजांनी करून दाखविले, असा तिचा उपयोग होतोच. तरीही दरबारात मतभेद झाला आणि तो खर्चाच्या व श्रमाच्या कामावरून झाला, एवढी गोष्ट स्तुतीच्या फटीतून बाहेर आलीच. जादा कर घेतला नाही, हे विधान मात्र मी तसे स्वीकारणार नाही. ते ज्याच्या वतीने लिहिले आहे, त्यालाच त्याचे श्रेय मिळावयाचे आहे. एकाच लेखातील एक ओळ घ्यावी व दुसरी राखून ठेवावी, यात विसंगती काही नाही. साक्षीदार तोच असला तरी प्रश्न बदलला आहे.

याच लेखात दक्षिणापथाचा स्वामी सातकर्णी याला आपण दोनदा उघड युद्धात जिंकले, परंतु जवळच्या नात्यामुळे त्याचा उच्छेद केला नाही, असे रुद्रदामन् सांगतो. आम्हां मराठी वाचकांना हे वाक्य आवडत नाही. आम्हांला आवडतो तो नाशिकच्या लेण्यातील गौतमी बलश्रीचा लेख. आपला पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याने क्षहरातांचा वंश निःशेष केला, असे ती वृद्ध माता आपला नातू पुळुमावी याच्या एकोणिसाव्या राज्यवर्षी सांगते. मुलगा गेलेला, आई लिहविते आहे. यापेक्षा हृदयस्पर्शी साधन कोणते? पण साधन म्हणून पाहिले, तर मृत पुत्राविषयी आईची साक्ष ही कोणत्याही न्यायासनापुढे दुबळीच ठरावयाची. ती बळकट झाली ती भलत्याच वाटेने. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी, सारी क्षहरात नहपानाची. आणि त्यांपैकी नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्राने आपली चिन्हे पुन्हा ठोकलेली. शत्रूचे चलन आपल्या शिक्क्याने चालविणारा राजा त्या मुलखाचा धनी झाला होता, याविषयी मग संशय राहत नाही. नाणी पुरणाऱ्याला गौतमीपुत्राच्या कीर्तीची चिंता नव्हती, त्याला आपल्या पैशाची चिंता होती. म्हणून त्याची साक्ष खणखणीत. आणि जुनागढचे काय? नहपानाचा वंश वेगळा, रुद्रदामन्‌चा वेगळा. त्याने हरविलेला सातकर्णी नेमका कोणता, यावर विद्वानांचे एकमत नाही. नाशिकच्या आईचे खरे आणि जुनागढच्या शत्रूचेही खरे, असे होऊ शकते. नाशिकचा लेख वाचणाऱ्याने जुनागढचा मिटून ठेवला, तर ते अज्ञान नव्हे, अप्रामाणिकपणा होय.

मुद्दाम खोटे केलेल्या साधनांची गोष्ट याहून मजेची आहे. ताम्रपट हा धातूचा, राजमुद्रेचा, म्हणून अस्सल, असा सामान्य समज असतो. पण ताम्रपट म्हणजे जमिनीच्या मालकीचा दस्तऐवज, आणि जेथे जमीन आली तेथे बनावट दस्तऐवज आला. राजशासन खोटे करणाऱ्यास मनुस्मृतीने देहदंड सांगितला आहे. गुन्हा विरळा असता तर इतकी कडक तरतूद कशाला लागली असती? उत्तर प्रदेशातील मधुबन येथे सापडलेला सम्राट हर्षाचा ताम्रपट तर सरळ एका चौकशीचा निकाल आहे. सोमकुंडका नावाचे गाव एक ब्राह्मण कूटशासनाच्या, म्हणजे बनावट ताम्रपटाच्या आधारे उपभोगीत होता. ते उघडकीस आल्यावर हर्षाने तो पट मोडून टाकविला, गाव काढून घेतले आणि दुसऱ्या दोघांस दिले. इसवी सनाच्या सातव्या शतकातील ही कारवाई आहे. ती वाचताना कोणत्याही महसुली कचेरीतील मनुष्याला घरी आल्यासारखे वाटेल.

समुद्रगुप्ताच्या नावाचा गया येथील ताम्रपट फ्लीटने बनावट ठरविला, त्याचे एक कारण व्याकरणाचे होते. राजाची विशेषणे षष्ठी विभक्तीत आणि राजाचे नाव मात्र प्रथमेत. समुद्रगुप्ताच्या वंशजांच्या पटांत, 'अशा अशा समुद्रगुप्ताचा पुत्र' असे म्हणताना, ही विशेषणे षष्ठीत येणे योग्यच असते. तेव्हा लिहिणाऱ्याने पुढच्या काळातला एखादा मसुदा समोर ठेवून नक्कल केली आणि विभक्ती बदलावयाची राहून गेली, असा फ्लीटचा तर्क. पुढे या निर्णयावर वादही झाला. पण जुना मसुदा घेऊन नवा करताना मागची तारीख किंवा मागच्या साहेबाचे नाव तसेच राहून जाते, हे आम्ही कारकून रोज पाहतो. या प्रकारच्या पुराव्याचे मर्म आम्हांला निराळे शिकवावे लागत नाही. शिवाय बनावट पट बनावट ठरला म्हणून निरुपयोगी होत नाही. दानाच्या तारखेविषयी तो खोटे बोलतो, परंतु तो ज्या काळात बनला त्या काळी कोणाला कोणती जमीन हवी होती आणि कोणत्या राजाच्या नावाला वजन होते, हे तो खरे सांगतो. खोटे बोलणाराही कशासाठी खोटे बोलावे याविषयी खोटे बोलत नाही.

पण सर्वांत कठीण परीक्षा सज्जन साक्षीदारासमोर होते. नोकरीच्या निमित्ताने मी काही वर्षे भुवनेश्वरास होतो. शहराच्या दक्षिणेस धौलीची टेकडी आहे. खडकातून अर्धा बाहेर आलेला हत्ती आणि त्याच्या खाली अशोकाच्या आज्ञा. कलिंगयुद्धात एक लक्ष माणसे मारली गेली, दीड लक्ष पकडून नेली गेली आणि त्याच्या कितीतरी पट मेली, याचा आपणास पश्चात्ताप होत आहे, असे सांगणारा अशोकाचा तेरावा शिलालेख जगप्रसिद्ध आहे. धौलीला येणारा प्रत्येक प्रवासी हाच लेख येथे आहे अशा समजुतीने हात जोडतो. तो येथे नाही. कलिंगातील धौली आणि जौगड या दोन्ही ठिकाणी अकरा ते तेरा हे लेख गाळलेले आहेत. त्यांच्या जागी दोन स्वतंत्र आज्ञा आहेत, आणि त्या तेथील महामात्रांना, म्हणजे अधिकाऱ्यांना उद्देशून आहेत. मत्सर, क्रोध, निष्ठुरता, घाई, आळस आणि थकवा यांपासून दूर राहून प्रजेशी समबुद्धीने वागा, विनाकारण कोणास बंधन किंवा छळ होऊ देऊ नका, असा त्यांतील एकीचा आशय. अधिकाऱ्याच्या दोषांच्या यादीत थकव्याचा समावेश करणारा हा राजा कचेऱ्यांचा स्वभाव पुरता ओळखून होता.

तेव्हा पश्चात्ताप वायव्येस शाहबाझगढीला कोरला आणि ज्यांच्यावर आघात झाला त्यांच्या दारी तो कोरला नाही. का? जखमेवरची खपली काढू नये म्हणून, असे एक उत्तर देता येते आणि ते अशोकाच्या एकंदर वृत्तीशी जुळते. नुकत्याच जिंकलेल्या मुलखात राजाने अपराधाची कबुली देणे राज्याच्या हिताचे नव्हते म्हणून, असे दुसरे, तेही जुळते. तेराव्या लेखात पकडून नेलेल्या दीड लक्ष माणसांना परत पाठविल्याचा उल्लेख नाही, आणि पश्चात्ताप झाला असला तरी आपले सामर्थ्य शाबूत आहे, अशी ताकीद अरण्यवासी लोकांना त्याच लेखात दिलेली आहे. हे सारे शेजारी शेजारी आहे. यामुळे अशोक ढोंगी ठरतो असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. जगातील कोणत्या विजेत्याने आपल्या विजयाच्या मृतांची संख्या स्वतःहून, दुःखाने, दगडावर लिहून ठेवली? पण कबुली देणाऱ्यावर आपण फार लवकर विश्वास ठेवतो, आणि ती कबुली कोणाला उद्देशून होती हे पाहावयाचे विसरतो. ओडिया सहकाऱ्याशी धौलीविषयी बोलताना त्याने ही गोष्ट मला शांतपणे सांगितली. त्याच्या दृष्टीने तेरावा लेख म्हणजे परक्या गावी दाखल झालेली, त्याच्या पूर्वजांविषयीची फाईल होती.

आता घरच्या प्रकरणाकडे वळावे. शिवछत्रपतींच्या जन्मतिथीचा वाद मराठी वाचकांना ठाऊक आहे. पण त्यातील साधनांची वाट कोणत्या गावांवरून गेली हे परप्रांती राहणाऱ्यांनी अवश्य पाहावे. उत्तरकालीन बखरींच्या आधाराने शके १५४९ च्या वैशाखातील, म्हणजे १६२७ सालची तिथी दीर्घकाळ रूढ होती. मग भोरजवळच्या कारीच्या जेधे देशमुखांच्या दप्तरातील शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ साली प्रसिद्ध झाली. तीत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी तिथी निघाली. शकावली म्हणजे कोरड्या नोंदींची मालिका. जन्म, मृत्यू, स्वाऱ्या, ग्रहणे. तिला वक्तृत्व नाही, आणि या तिथीत जेध्यांचा काही लाभही नाही. तथापि एकट्या नोंदीवर कोणी पिढ्यांची समजूत सोडीत नाही आणि सोडूही नये. पुढे तंजावरच्या ग्रंथभांडारातून कवींद्र परमानंदाचे शिवभारत हे समकालीन संस्कृत काव्य उजेडात आले आणि १९२७ साली छापले गेले. त्यातही हीच तिथी. जोधपूरकडील एका ज्योतिषी घराण्याच्या कुंडलीसंग्रहात महाराजांची कुंडली मिळाली; तीही याच वर्षाची. मावळातील देशमुख, तंजावरला पोहोचलेली पोथी आणि मारवाडचा ज्योतिषी, हे तिघे एकमेकांशी संगनमत करून बसले होते असे मानणे कठीण आहे.

यात परमानंदाची साक्ष विशेष पाहण्यासारखी आहे. तो दरबारचा कवी; त्याच्या काव्यात देवदेवता वावरतात, शत्रू गर्वाने फुगलेले असतात. युद्धातील सैन्याची संख्या त्याला विचारली, तर मी निम्मीही धरणार नाही. पण तिथीच्या बाबतीत त्याला अतिशयोक्ती करण्यास वावच नव्हता. तृतीया ही तृतीयाच. ती अधिक शूर किंवा अधिक भव्य करता येत नाही. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख महाराष्ट्र शासनाने २००१ साली स्वीकारली. (ही तारीख जुन्या युरोपीय पंचांगाची आहे, आजच्या पंचांगाने हिशेब केला तर १ मार्च येतो. तारखेवरून आवेशाने भांडणाऱ्यांपैकी फार थोड्यांना याची वार्ता असते.) महाराज वयाने सुमारे तीन वर्षांनी धाकटे झाले, त्यांच्या कर्तृत्वाला त्याने रेसभरही धक्का लागला नाही. मग कागद बाहेर आल्यावरही जुन्या तिथीसाठी एवढा जीव का तुटला? मला वाटते, माणसे तिथीसाठी भांडत नव्हती. लहानपणी ज्यांच्या तोंडून ती तिथी ऐकली, त्या वडीलधाऱ्यांच्या शब्दासाठी भांडत होती. ही भावना हसण्यासारखी नाही. परंतु वडिलांचा आदर करणे आणि वडिलांना साक्षीदार म्हणून उभे करणे, या दोन गोष्टी एक नव्हेत.

आग्र्याच्या प्रसंगाविषयीही असेच. १६६६ सालच्या त्या महिन्यांत मिर्झाराजे जयसिंगांचा पुत्र रामसिंग याच्या पदरचा परकालदास नावाचा सेवक आंबेरला कल्याणदासास पत्रे पाठवीत होता. ही राजस्थानी पत्रे जदुनाथ सरकार व सीतामऊचे रघुबीरसिंह यांनी १९६३ साली प्रसिद्ध केली. परकालदास आमच्याच जातकुळीचा, म्हणजे वरिष्ठांना वृत्तांत कळविणारा नोकर. शिवाजीराजे दिसावयास लहानखुरे व गौरवर्ण, हे तो लिहितो. लोक त्यांच्या शौर्याची वाखाणणी करीत आहेत, हेही लिहितो. त्याला पोवाडा रचावयाचा नव्हता, उद्या काय होईल याची धास्ती असलेल्या धन्याच्या घरी बातमी पोहोचवावयाची होती. म्हणून परक्या नोकराचे ते चार शब्द मला घरच्या बखरीच्या चाळीस पानांहून वजनदार वाटतात. आणि म्हणूनच जयपूर-बिकानेरकडे, तंजावर-चेन्नईकडे किंवा दिल्लीस बदली झालेल्या मराठी माणसाने आपण इतिहासापासून दूर आलो असे समजू नये. बिकानेरचे राजस्थान राज्य अभिलेखागार, तंजावरचा सरस्वती महाल, दिल्लीचा राष्ट्रीय अभिलेखागार आणि सीतामऊचा ग्रंथसंग्रह येथे आपल्या घरचे कागद परक्या लिपींत पडून आहेत. राष्ट्रीय अभिलेखागाराचे पुष्कळसे कागद आता घरबसल्या पाहता येतात. वाचण्याचा कंटाळा मात्र घरबसल्या जात नाही.

परवा एका निवृत्त वृद्ध गृहस्थांनी मला घरी बोलाविले. मला मोडी येते हे त्यांना कोणीतरी सांगितले होते. देवघरातून लाल फडक्यात गुंडाळलेला एक कागद त्यांनी काढला. तीन पिढ्या तो शिवाजीमहाराजांची सनद म्हणून पूजेत होता. दसऱ्याला त्यावर सोने वाहिले जाई. हळदीकुंकवाने एक कोपरा विरला होता. मी वाचू लागलो. वर्ष निघाले 'सलास तिसैन मया व अलफ', म्हणजे सुहूर ११९३, अर्थात इसवी सनाचे १७९२-९३. मजकूर होता कर्जरोख्याचा. त्यांच्या पूर्वजाने कोणा सावकाराकडून रुपये घेतले, दरमहा दर शेकडा व्याज कबूल केले, शेताचा तुकडा व बैलजोडी गहाण ठेवली, आणि खाली साक्षी. म्हातारे माझ्या तोंडाकडे पाहत होते.

आता सांगावे काय? 'जीर्ण झाला आहे, नीट लागत नाही,' असे म्हणून सुटणे सोपे होते, आणि व्यवहारी माणसाने तेच केले असते. शिवाय कोणाचे काय बिघडले असते? एका घरातील श्रद्धा राहिली असती. तीवर कोणी जमीन मागणार नव्हते की खटला भरणार नव्हते. पण त्यांनी मला आशीर्वाद द्यावयास नव्हे, वाचावयास बोलाविले होते. वाचणाऱ्याने जे लिहिले आहे ते सांगितले नाही, तर कागदातील मूळ माणूस दुसऱ्यांदा मरतो. मी त्यांना वर्ष सांगितले, मग रक्कम, मग बैलजोडी. ते बराच वेळ गप्प राहिले. नंतर त्यांनी विचारले, "फिटलं का हो ते कर्ज?" मी म्हटले, "काका, रोखा तुमच्या घरी आहे त्या अर्थी फिटलं असावं. फिटल्यावरच सावकार रोखा परत करतो." त्यावर ते म्हणाले, "मग राहू द्या देवघरातच." राज्याभिषेकानंतर सव्वाशे वर्षांच्या आतबाहेर एका मराठी शेतकऱ्याला बैलजोडी गहाण ठेवावी लागली, किती व्याजाने, कोणाच्या साक्षीने, हे सांगणारा तो कागद अभ्यासकाला कित्येक शोभेच्या सनदांहून अधिक उपयोगी आहे. पण मला त्या वेळी हे सुचले नाही. सुचले असते तरी त्यांना त्याचे काय?

साक्षीदार परका असावा की घरचा, या प्रश्नाला काशीराजाच्या रूपाने एक विलक्षण उत्तर मिळते. काशीराज शिवदेव हा मराठी ब्राह्मण अयोध्येच्या शुजाउद्दौल्याच्या नोकरीत होता. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर तो होता, पण अब्दालीच्या बाजूच्या गोटात, आपल्या धन्याबरोबर. सदाशिवरावभाऊ आणि शुजा यांच्यामधील बोलणी त्याच्यामार्फत चालत. पुढे १७८० च्या सुमारास त्याने त्या युद्धाची हकीकत फारसीत लिहिली. ब्राउन या इंग्रज अधिकाऱ्याने तिचे इंग्रजी भाषांतर केले. मराठी माणूस, परक्या दरबारचा नोकर, परक्या भाषेत, एकोणीस वर्षांनंतर आपल्या लोकांच्या नाशाची कथा लिहितो. वाटाघाटींविषयी तो बोलतो तेथे त्याला डावलता येत नाही. कागद त्याच्याच हातून गेले होते. धनी शुजा याच्या दयाळूपणाविषयी तो बोलतो तेथे आपण थोडे थांबावे. तो त्याचे अन्न खात होता. मेलेल्यांच्या संख्येविषयी बोलतो तेथे अधिकच थांबावे, कारण त्या दिवशी पानिपतावर मोजणारा कोणी नव्हता. शेजवलकरांसारख्या इतिहासकाराने पानिपताचा पुन्हा विचार केला तो अशा प्रत्येक साक्षीला तिच्या जागी बसवूनच.

भाऊंचे म्हणून ओळखले गेलेले शव मस्तकाविरहित होते, असे या हकीकतीवरून समजते. ओळख पटविणाऱ्यांनी सद्भावनेने पटविली असेल. तरी मस्तक नसलेल्या देहाची ओळख ही पुराव्यातील एक मोकळी जागा राहिलीच. त्या मोकळ्या जागेत पुढे तोतया येऊन उभा राहिला. १७७६ साली तो रत्नागिरीच्या कैदेतून सुटला तेव्हा कोकणातील किल्लेच्या किल्ले त्याच्या मागे गेले. त्या वर्षअखेरीस पुण्यात त्याला देहान्त शासन झाले. त्याच्या मागे गेलेले सारे मूर्ख किंवा स्वार्थी होते असे म्हणणे सोपे आहे. त्यांच्यातील पुष्कळांना भाऊ परत हवे होते, एवढेच. हव्या असलेल्या माणसाची कोणी पारख करीत नाही; तो दारी आला की पाय धुवावयास पाणी पुढे करतात.

आणि पार्वतीबाई? तोतया येण्यापूर्वी आणि त्याला शासन झाल्यानंतरही त्या १७८३ साली निवर्तेपर्यंत सवाष्ण म्हणून राहिल्या. पानिपतावर त्या स्वतः होत्या, रणांगणातून परत आल्या होत्या; काशीराजाच्या हकीकतीची त्यांना गरज नव्हती. बावीस वर्षे त्यांनी कुंकू लावले. भाऊ जिवंत होते की नव्हते, याविषयी या कुंकवाची साक्ष कोणी घेणार नाही. पण पानिपतानंतरच्या पेशव्यांच्या वाड्यात ती बावीस वर्षे कशी गेली असतील, हे ज्याला विचारावयाचे आहे, त्याला तीच घ्यावी लागेल.